लॅबच्या मामांना, सगळ्यांसमोर

मामा, सप्रेम नमस्कार.

संस्थेचा वार्षिक अहवाल तुम्हालाही मिळाला असेल. दहावीच्या वर्गात आवर्तसारणीचे प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवल्याची चार ओळींची बातमी त्यात आहे, फोटो आहे आणि खाली माझं एकटीचं नाव आहे. फोटोच्या उजव्या कडेला निळ्या शर्टाची बाही आणि चिमटा धरलेला एक हात तेवढा दिसतो. तो हात तुमचा. मजकूर मीच लिहून दिला होता. घाईत होते हे खरं, पण ती काही सबब नाही. म्हणून हे आभार चारचौघांत मानते आहे.

तुमच्याकडे येण्याआधी हा धडा मी कसा शिकवत होते ते सांगते. फळ्यावर लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम एकाखाली एक लिहायचे, शेजारी अणुत्रिज्या १५२, १८६, २३१ पिकोमीटर, आणि वरून खाली एक बाण. अणू मोठा होतो, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब जातो, सुटायला सोपा होतो, म्हणून धातू जास्त अभिक्रियाशील. पोरं बेचा पाढा म्हणावा तशी म्हणायची. मार्कही मिळायचे. आदल्या वर्षी हौसेनं एकदा सोडिअमचा तुकडा परीक्षानळीत टाकला, तर फट्कन आवाज झाला आणि नळी तडकली. कुणाला लागलं नाही, पण माझे हात दुपारपर्यंत थरथरत होते. पुन्हा त्या वाटेला जायचं नाही असं ठरवलं होतं.

जुलैत सीनियर कॉलेजच्या लॅबमध्ये सोडिअम मागायला आले, तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, "किती?" मी बोटाचं पेर दाखवलं. तुम्ही हसला नाहीत, हे तुमचे उपकार. "बाई, मुगाच्या दाण्याएवढा पुरे. आणि नळी नको, पसरट काचेचं भांडं घ्या." अरुंद तोंडाच्या नळीत हायड्रोजन आणि हवा कोंडते, वर तापलेला धातू असतो, हे मला एम.एस्सी.ला लिहिता आलं असतं. नळी हातात घेताना मात्र आठवलं नव्हतं.

मग तुम्ही बाटल्या काढल्यात. सोडिअम रॉकेलमध्ये बुडालेलं. लिथिअम मात्र व्हॅसलीनमध्ये थापून ठेवलेलं. का, तर ते इतकं हलकं की रॉकेलवरही तरंगतं आणि वर आलेला भाग हवेनं काळा पडतो. तुम्ही हातमोजे घालायला लावलेत आणि सुरी माझ्या हातात दिलीत. लिथिअमला जोर द्यावा लागला, जुन्या गुळाच्या ढेपेला लावावा तसा. सोडिअम फ्रिजमधल्या लोण्यासारखं कापलं गेलं. कापलेली बाजू चांदीसारखी चमकली आणि पावसाळी हवेत माझ्या डोळ्यांदेखत मळकट झाली. फळ्यावरचा तो बाण मला पहिल्यांदा मनगटात कळला. अणू मोठा, धातूची आतली पकड सैल, म्हणून तो मऊ. एवढी वर्षं शिकवून सुरीचा हा साधा पुरावा मी कधी घेतलाच नव्हता.

पोटॅशिअमची बाटली तुम्ही खाली काढलीतच नाही. काचेतून लांबूनच दाखवलीत, तुकड्यांवर पिवळट पापुद्रा धरला होता. "ह्याला सुरी लावायची नाही. जुनं झालंय." त्या पापुद्र्यातलं सुपरऑक्साइड (पोटॅशिअमचं जादा ऑक्सिजन असलेलं संयुग) आणि खालचा ताजा धातू सुरीखाली एकत्र दाबले गेले तर स्फोट होऊ शकतो. मी जरा हट्ट केला होता, आठवतं? दोन धातूंवरून कल कसा दाखवायचा, दोन बिंदूंतून रेषा तर कशीही काढता येते! तुम्ही म्हणालात, "शेजारचा गण घ्या की." आणि सारणीतल्या शेजारच्या उभ्या रांगेतलं मॅग्नेशिअम, कॅल्शिअम पुढे ठेवलंत.

वर्गातल्या त्या तासाची आठवण मात्र पोरं अजून काढतात. भांड्यात पाणी, त्यात अल्कली तयार होताच गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब, मध्ये काच, सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल. मागच्या बाकांना दिसावं म्हणून तुम्ही घरचा दाढीचा आरसा भांड्याच्या वर तिरका बांधला होता. लिथिअम पडलं, एका जागी फसफसत राहिलं आणि हळूहळू भोवती गुलाबी झालं. सोडिअम पडताच गोळी झालं आणि पाण्यावर सैरावैरा पळत गुलाबी रांगोळी ओढत सुटलं. वर्ग ओरडला. तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत, कारण चर्रर्र आवाजही ऐकायचा होता.

पोटॅशिअमची जांभळी ज्योत आम्ही व्हिडिओतच पाहिली. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीनं १८०७ मध्ये लंडनला विजेच्या जोरावर तो धातू पहिल्यांदा वेगळा केला, तेव्हा तो आनंदानं खोलीभर नाचला अशी त्याच्या चुलतभावाची आठवण आहे. ती सांगितल्यावर पोरांना व्हिडिओचं वाईट वाटेनासं झालं.

मॅग्नेशिअम थंड पाण्यात ढिम्म पडून राहिलं. कॅल्शिअम बुडालं, अंगभर बुडबुडे घेऊन वर आलं आणि पाणी गढूळ पांढरं झालं. गण बदलला तरी दिशा तीच. हे सारं पुस्तकात आहे. पण तास संपल्यावर तुम्ही जे म्हणालात ते दहावीच्या पुस्तकात नाही. "सोडिअम वितळून पळतंय बाई, लिथिअम वितळतच नाही. मग दोघांची शर्यत सारखी कशी?"

त्या रात्री मी जुनी पुस्तकं काढली. तुमचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. सोडिअम ९८ अंशांना वितळतं, लिथिअमला १८० अंश लागतात. वितळलेल्या गोळीचा नवा पृष्ठभाग सारखा पाण्याला भिडत राहतो, लिथिअमचा खडा मात्र घट्टच राहतो. आणि गंमत म्हणजे विद्युतरसायनात पाहिलं तर लिथिअमचा आकडा उणे ३.०४ व्होल्ट, सोडिअमचा उणे २.७१. म्हणजे पाण्यात आयन होऊन जायची ओढ लिथिअमलाच जास्त, कारण त्याचा इवलासा आयन पाण्याचे रेणू घट्ट ओढून घेतो आणि त्यात भरपूर ऊर्जा सुटते. आपण भांड्यात बघतो तो वेग. ऊर्जेचा हिशोब निराळा. माझा बाण चुकीचा नव्हता, पण तो नेमकं काय मोजतो हे मी पोरांना कधी सांगितलं नव्हतं. आता बाणाशेजारी 'वेग' असा शब्द लिहिते.

हॅलोजनचं, म्हणजे क्लोरीन, ब्रोमीन, आयोडिन यांच्या गणाचं, थोडक्यात. शाळा भरण्याआधी तुम्ही विषारी वायू बाहेर ओढून घेणाऱ्या धूरकपाटात क्लोरीनचं पाणी करून ठेवलंत. पोटॅशिअम ब्रोमाइडमध्ये घातलं तर नारिंगी पिवळं झालं, आयोडाइडमध्ये तपकिरी, आणि त्यात भाताच्या पेजेचा थेंब टाकताच काळंनिळं. इथे उलटी गंगा, वरचा खालच्याला हाकलतो. मी आवरायला लागले तर तुम्ही थांबवलंत. "आयोडिन ब्रोमाइडमध्ये घाला. काही होत नाही तेही दाखवा." घातलं. काही झालं नाही. एका मुलीनं वहीत लिहिलं, 'बदल नाही', आणि खाली दोन रेघा मारल्या. तिची वही मी जपून ठेवली आहे.

सगळे घरी गेल्यावर तुम्ही मात्र सुरी पुसलेले टीपकागद आणि सोडिअमचे कण स्पिरिटमध्ये टाकून, बुडबुडे थांबेपर्यंत स्टुलावर बसून होतात. कचऱ्याच्या डब्यात असला कागद गेला तर रात्री आग लागते, एवढंच म्हणालात. त्या अर्ध्या तासाचा फोटो कुणी काढला नाही.

अहवालात दुरुस्ती छापावी असं पत्र मी काल कार्यालयात दिलं आहे. पोटॅशिअमच्या त्या बाटलीवर तुम्ही चिकटवलेली 'उघडू नये' ही चिठ्ठी पुसट झाली होती, ती ठळक अक्षरात नवीन लिहून लावली. बाटलीची रीतसर विल्हेवाट लागावी म्हणून प्राचार्यांकडे अर्जही केला आहे.

आणि तुमचा आरसा अजून माझ्याकडेच आहे. यंदाच्या जुलैत लागेल. तुम्ही निवृत्त झालात तरी त्या दिवशी याल ना? तो कोणत्या कोनात बांधायचा, ते मला अजून नीट जमत नाही.

तुमची,
दहावीच्या बाई