उम्या, आर्थर लो तेव्हा बावन्न वर्षांचा होता

प्रिय उम्या,

परवा रात्री तुझा तो लांबलचक मेसेज वाचला आणि नंतर झोपच लागली नाही बघ. फोन करणार होतो पण तुझ्याकडे पहाटेचे साडेतीन वाजले असतील, वहिनी घाबरून उठल्या असत्या, म्हणून म्हटलं नीट बसून लिहूया. तू लिहिलंयस की नवीन नाटकात परत इन्स्पेक्टर, परत चार वाक्यं, तो पंचविशीतला डायरेक्टर "काका, तुम्ही हे सहज कराल" म्हणाला आणि तू वही त्याच्या हातात देऊन घरी आलास, आता एकावन्नाव्या वर्षी बास. तुला वाईट वाटलं ते मला कळतं रे. पण "बास" हा शब्द मला काही पटला नाही, आणि का पटला नाही ते सांगायला मला इथल्याच एका नटाची, आर्थर लोची, गोष्ट सांगावी लागेल.

इथे बर्मिंगहॅममध्ये न्यू स्ट्रीट स्टेशनला उतरून मी ऑफिसला चालत जातो ना, त्या रस्त्यापासून पाच मिनिटांवर अलेक्झांड्रा थिएटर आहे. पहिली दोन वर्षं मी त्याच्याकडे मान वर करून बघितलं पण नव्हतं. मग शेजारच्या आजींनी (ऐंशीच्या पुढच्या आहेत, आपल्या आईसारख्याच दर दोन दिवसांनी काहीतरी खायला आणून देतात) मला शनिवारी संध्याकाळी 'डॅड्स आर्मी' बघायला बसवलं. पन्नासेक वर्षांपूर्वीची सिरीयल, बीबीसीवर अजून रिपीट लागते आणि लोक अजून बघतात. पहिल्या एपिसोडला मला निम्मे जोक कळले नाहीत. पण तो टकला, बुटका, गोल चष्म्याचा कॅप्टन पडद्यावर आला की माझी नजर दुसरीकडे जाईना. तो आर्थर लो. एपिसोड संपल्यावर आजी म्हणाल्या, हा शेवटी कोसळला तो आपल्या अलेक्झांड्रामध्येच, मेकअपच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला उशीर करून त्या थिएटरसमोर जाऊन उभा राहिलो.

आता नीट सांगतो. जन्म १९१५, डर्बीशरमधलं हेफील्ड गाव. वडील रेल्वेत आणि त्यांचं काम काय, तर नाटक कंपन्यांना सेट-सामानासकट एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवणाऱ्या स्पेशल गाड्यांची व्यवस्था बघणं. मला हे फार आवडलं. पोराला खरं तर व्यापारी जहाजावर जायचं होतं पण डोळे कमजोर निघाले. मग लढाई आली, सैन्यात गेला, इजिप्तकडे पोस्टिंग होतं, तिथे जवानांसाठी नाटकं बसवता बसवता ह्याला स्वतःलाच कळलं की आपल्याला हेच करायचंय. म्हणजे व्यावसायिक रंगभूमीवर पहिलं पाऊल १९४५ ला, मँचेस्टरच्या ह्यूम हिपोड्रोममध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर. तुझं पहिलं नाटक एकोणिसाव्या वर्षी झालं होतं, लक्षात आहे ना?

आणि ती नाटकं म्हणजे वीकली रेपर्टरी. दर आठवड्याला नवीन नाटक, रात्री ह्या आठवड्याचा प्रयोग आणि सकाळी पुढच्या आठवड्याच्या तालमी, सोमवारी परत नवा सेट नवी मिशी. अशी वर्षं काढली ह्या माणसानं. आपण राज्य नाट्य स्पर्धेच्या एका नाटकाला तीन महिने तालमी करून रडायचो. त्यात ह्याचं रूप असं की पहिल्यापासूनच मधल्या वयाचा दिसायचा, हिरो कधीच मिळणार नाही हे आरशातच दिसत होतं. मग काय, दुकानदार, कारकून, वकील, इन्स्पेक्टर. हो, इन्स्पेक्टर पण.

'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' म्हणून १९४९ चा पिक्चर आहे, अ‍ॅलेक गिनेस त्यात एकटा आठ भूमिका करतो, सगळे त्याचंच बोलतात. पण शेवटचा सीन बघ. इतके खून पचवलेला नायक तुरुंगाच्या दारातून सुटून बाहेर येतो, आणि एक छोटासा माणूस हॅट सावरत पुढे होतो आणि अगदी अदबीनं विचारतो की आमच्या साप्ताहिकाला तुमच्या आठवणी छापायला मिळतील का. तेवढंच. आणि नायकाच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो, कारण सगळ्या खुनांची कबुली लिहिलेल्या त्या आठवणी आत कोठडीत टेबलावर राहिल्यात! तो छोटासा माणूस म्हणजे लो. अर्धा मिनिट काम असेल नसेल. पण तो प्रश्न जर त्यानं जरा जरी 'वाजवून' टाकला असता ना, तर सगळा पिक्चर आपटला असता. त्यानं विचारला कसा, तर रोज दहा लोकांना विचारणाऱ्या वार्ताहरासारखा, साधा. हे तुझ्या इन्स्पेक्टरच्या बाबतीत मी कितीदा सांगितलंय तुला, प्रेक्षकाला तू 'इन्स्पेक्टर' वाटत नाहीस, ड्युटीवर असलेला माणूस वाटतोस. हे सगळ्यांना जमत नाही.

मग १९६० ला 'कॉरोनेशन स्ट्रीट' ही टीव्ही सिरीयल सुरू झाली, त्यात हा कापड दुकानदार लिओनर्ड स्विंडली झाला, थोडा अकडू, चर्चमध्ये पुढेपुढे करणारा. १९६५ पर्यंत केलं, लोक रस्त्यात ओळखायला लागले. पण त्याच काळात रॉयल कोर्टसारख्या थिएटरात गंभीर नाटकं पण करत होता आणि लिंडसे अँडरसन सारखा अतिशय कडक डायरेक्टर ह्याला पुनःपुन्हा बोलवत होता. ह्याच अँडरसनच्या 'ओ लकी मॅन'साठी १९७३ चं सहाय्यक अभिनेत्याचं बाफ्टा, म्हणजे इथलं पिक्चरचं मोठं बक्षीस, मिळालं ह्याला.

आणि 'डॅड्स आर्मी' चा पहिला एपिसोड ३१ जुलै १९६८ ला लागला. उम्या, वय वर्षं बावन्न. आणि कॅप्टनच्या रोलसाठी तो पहिली पसंती पण नव्हता बरं का, आधी दुसऱ्यांना विचारून झालं होतं. मग नऊ वर्षं चालली, ऐंशी एपिसोड.

कथा अशी, १४ मे १९४० ला ब्रिटनचा युद्धमंत्री अँथनी ईडन रेडिओवरून सांगतो की जर्मन कधीही उतरतील, सैन्यात नसलेल्या पुरुषांनी गावागावात राखणीला पुढे या. हीच पुढे होमगार्ड झाली. म्हातारे आणि पोरं, सुरुवातीला बंदुका पण नाहीत. वॉल्मिंग्टन-ऑन-सी नावाच्या काल्पनिक गावात बँक मॅनेजर स्वतःच स्वतःला प्रमुख करून टाकतो. नाव स्पेलिंगप्रमाणे वाचलं तर मेनवेअरिंग, पण म्हणायचं मॅनरिंग. आणि बँकेतला त्याचा हाताखालचा माणूस विल्सन, तो त्याचा सार्जंट. लेखकांनी केलेली खरी करामत इथे आहे. विल्सन मोठ्या घरातला, महागड्या शाळेत शिकलेला, सगळं सहज जमणारा. आणि कॅप्टन खालून घासत वर आलेला, ज्याला आयुष्यभर टोचतंय की आपण साहेब झालो तरी आपल्याला कोणी 'त्यांच्यातला' मानत नाही. एका एपिसोडमध्ये विल्सनच्या नावामागे खानदानी बिरुद लागतं आणि गोल्फ क्लबचं आमंत्रण त्याला येतं, ज्या क्लबात शिरायला मॅनरिंग किती वर्षं धडपडतोय. त्या वेळचा आर्थर लोचा चेहरा बघ. काही करत नाही रे तो. हनुवटी थोडी वर जाते, गाल किंचित फुगतात, नजर क्षणभर विल्सनवर आणि मग समोर कुठेतरी. त्यात हेवा पण आहे आणि लहान पोराचं रडू पण आहे. आणि आपण हसतो, आणि हसता हसता आत काहीतरी दुखतं.

सगळ्यात प्रसिद्ध सीन तर तुला पाठवतोच. पकडलेल्या जर्मन पाणबुडीचा कॅप्टन वहीत नावं टिपतोय, लढाई जिंकल्यावर हिशेब चुकता करायला. पोरगेला पाइक हिटलरची टिंगल करणारं गाणं म्हणतो. जर्मन म्हणतो तुझं पण नाव लिहितो, काय नाव तुझं? आणि मॅनरिंग रुबाबात गरजतो, सांगू नकोस पाइक! हे वाक्य कागदावर काही नाही. सगळं आहे ते त्याच्या वेळेत आणि खात्रीत. आपण आपल्या माणसाला वाचवतोय ह्यावर त्याचा शंभर टक्के विश्वास आहे, म्हणून ते वाक्य इतकं मोठं होतं. विनोदी वाक्य म्हणतोय हे त्याच्या अंगावर कुठेही दिसत नाही.

पण तू आधी 'मम्ज आर्मी' हा एपिसोड बघ, १९७० चा. पलटणीत बायकांना घेतात आणि मॅनरिंग, ज्याची बायको अख्ख्या सिरीयलमध्ये कधी दिसतच नाही, एका शांत बाईच्या प्रेमात पडतो. शेवटी ती गाव सोडून चाललीय, रेल्वे स्टेशन, हा धावत येतो आणि जाऊ नको म्हणून विनवतो. विनोदी सिरीयलमध्ये त्या वेळी कोणी हसत नाहीये उम्या. गाडी सुटते आणि हा फलाटावर राहतो, नुसता उभा. मी आजींच्या घरी बघितलं ते, आजींनी माझ्याकडे न बघता रुमाल पुढे केला.

माणूस म्हणून पण थोडा मॅनरिंगच होता म्हणतात. स्क्रिप्ट घरी न्यायचा नाही, पाठांतराच्या नावानं बोंब, म्हणून डायरेक्टर डेव्हिड क्रॉफ्टनं दोन प्रती पाठवल्या, एक उशीखाली ठेवायला! आणि पडद्यावर पँट उतरवणार नाही हे त्यानं आधीच ठरवून घेतलेलं. मला ते बरोबरच वाटतं. मॅनरिंगची इभ्रत किती जपायची हे त्याच्याइतकं कोणाला कळलं असतं? ती आधी खरी वाटली पाहिजे, तरच टोपी वाकडी झाली की हसू येतं. जहाजावर जायचं राहिलं होतं ना, तर १९६८ लाच १८८५ सालची एक जुनी वाफेवरची बोट घेतली आणि दुरुस्त करून समुद्रात पण नेली.

शेवटचं मात्र लिहिताना मला जड जातंय. एवढं नाव झाल्यावर आरामात बसता आलं असतं, पण तब्येत खालावलेली, बसल्या जागी डोळा लागायचा आजार, तरी बायको जोनबरोबर नाटकाचे दौरे करत होता. १४ एप्रिल १९८२, दुपारी इथल्याच टीव्ही स्टुडिओत लाइव्ह मुलाखत दिली, संध्याकाळी अलेक्झांड्रात प्रयोगाच्या तयारीत असताना कोसळला आणि पहाटे गेला. सहासष्ट वर्षांचा. अंत्यविधीला जोन नव्हती, ती त्याच नाटकाच्या प्रयोगाला उभी होती.

थेटफर्ड गावात, जिथे सिरीयलचं बाहेरचं शूटिंग व्हायचं, तिथे मॅनरिंगचा पुतळा केलाय, बाकावर बसलेला. गेल्या महिन्यात मी मुद्दाम जाऊन आलो. शेजारी जागा आहे, बसलो थोडा वेळ. एक बाई आली, तिच्या छोट्या मुलानं पुतळ्याच्या चष्म्याला हात लावून बघितला.

तर आता काम सांगतो. उद्या त्या डायरेक्टर पोराला फोन कर, वही परत माग. चार वाक्यं आहेत ना, ती मला पाठव, आणि इन्स्पेक्टर आत येतो त्या आधी तो कुठून आलाय, जेवलाय का, चप्पल घालून आलाय की बूट, हे पूर्वीसारखं लिहून पाठव. रविवारी तुझ्या रात्री नऊला फोन करतो, तोपर्यंत 'मम्ज आर्मी' बघून ठेव. प्रयोगाची तारीख कळली की सांग, दिवाळीच्या पुढेमागे असेल तर मी तिकीट त्या हिशेबानं काढतो, मला तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची ठेव.

वहिनींना नमस्कार सांग, त्यांना म्हणावं आजींना तुमचं लिंबाचं लोणचं फार आवडलं.

तुझाच,
दिन्या