पहाटेच्या मैफलीचा साउंड आदल्या संध्याकाळीच लावा

संपादक महोदय,

दिवाळी पहाटेचे फलक आता चौकाचौकांत लागतील. गायकाचा फोटो मोठा, प्रायोजकांचे त्याहून मोठे, आणि ध्वनिव्यवस्थेचा उल्लेख तळाशी, मंडपवाल्याच्या नावाला चिकटून. मैफल बिघडायला सुरुवात होते ती तिथूनच, म्हणून आम्ही साथीदार हंगामाच्या आधीच हे पत्र लिहीत आहोत.

मांडव, खुर्च्या, रोषणाई आणि साउंड यांचा मिळून एकच ठेका द्यायची पद्धत पडली आहे. ठेकेदार वॅट सांगतो आणि आयोजक तेवढ्यावर खूश होतात. दहा हजार वॅटचे टॉप-बेस स्पीकर मिरवणुकीला ठीक आहेत. एक गळा, पेटी, तबला आणि दोन तानपुरे एवढ्या मैफलीला लागतात ते सात-आठ बरे माईक, तितकेच बुटके बूम स्टँड (आडव्या दांड्याचे), तीन मॉनिटर (कलाकारांना आपला आवाज ऐकवणारे स्टेजवरचे स्पीकर) आणि ते हाताळणारा, कान तयार असलेला माणूस. मिक्सरवर बसवलेला मुलगा बहुधा रात्रभर खुर्च्या उतरवून आलेला असतो. त्याच्यावर खेकसून काही होत नाही, कारण समोर काय वाजणार आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

‘कार्यक्रम साडेपाचला, साउंड चेक साडेचारला’ असे आयोजक सहज सांगून मोकळे होतात. मोकळ्या जागेत हे बसतच नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सवलत देऊ शकते, पण ती रात्री १० ते १२ एवढीच. पहाटेला ती लागू नाही. तेव्हा बागेतल्या किंवा रस्त्यावरच्या मैफलीची चाचणी आदल्या संध्याकाळी, १० च्या आत, उरकायला हवी. बंद नाट्यगृहाला हा नियम आडवा येत नाही, पण तिथे आदल्या रात्री नाटकाचा प्रयोग असतो आणि पहाटे चारला कुलूप उघडणारा माणूस सापडत नाही. त्याचीही सोय आधीच लावावी लागते.

आदल्या संध्याकाळी पाऊण तास पुरतो. प्रत्येक माईक, प्रत्येक केबल एकेक करून तपासायची. मग प्रत्येकाने कार्यक्रमात जितक्या जोराने वाजवणार तितक्याच जोराने वाजवायचे आणि त्या वेळी मिक्सरवरचा लाल दिवा लागणार नाही इतका गेन (माईकचा आवाज मिक्सरमध्ये घेण्याची पातळी) ठेवायचा. बैठकीच्या आणि स्टँडच्या जागी रंगीत चिकटपट्टी लावायची, मिक्सरच्या सगळ्या बटणांचा मोबाइलवर फोटो काढायचा. सकाळी मुलगा बदलला, तरी फोटो असतो. (मुलगा बदलतोच.)

माईक कुठे धरायचा यावर अर्धी मैफल अवलंबून असते. तबल्याला दोन माईक हवेत. दायाच्या चाटेच्या (कडेच्या) वर सहा-आठ इंच, किंचित तिरका, हाताच्या वाटेत न येणारा एक. डग्ग्याला स्वतंत्र दुसरा. दोघांच्या मध्ये एकच ठेवला की डग्गा घुमतो आणि दायाचे बोल त्याखाली बुडतात. पेटीला माईक नेहमी प्रेक्षकांच्या बाजूने, म्हणजे भात्यासमोर लावला जातो. तिथे सुरांआधी हवेचा फसफसाट येतो. माईक पट्ट्यांच्या वर नऊ-दहा इंचांवर, मधल्या सप्तकाच्या जरा उजवीकडे धरावा. तानपुऱ्याला घोडीजवळ कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा) माईक असेल तर जवारी, म्हणजे तारांची झणकार, ऐकू येते. मात्र त्याला मिक्सरवरून ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. ते बटण दाबलेले नसल्यामुळे ‘माईक खराब आहे’ म्हणून बाजूला पडलेले कंडेन्सर थोडेथोडके नसतील. उभ्याने गाणाऱ्यांचे उंच स्टँड वाकवून बैठकीला वापरले की ख्यालाच्या ऐन रंगात बूम हळूहळू मांडीवर येतो. उंच स्टँडच मिळाला, तर तिवईचा एक पाय नेमका बूमच्या दिशेला ठेवावा म्हणजे निदान तो उलटत तरी नाही.

गायकाच्या माईकवर लो कट (अगदी खालचे आवाज गाळणारे बटण) लावायला सांगावे. पुरुषाचा षड्ज (सा) पेटीच्या काळी एक पट्टीचा धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झ, मंद्र पंचम १०४. काळी चारच्या गायिकेचा षड्ज २०८, मंद्र पंचम १५६. तेव्हा पुरुषाला ८० आणि बाईला १०० हर्ट्झच्या खालचे सगळे कापले तरी गळ्यातले काही जात नाही. जातो तो डग्ग्याचा घुमारा आणि स्टेजच्या फळ्यांचा धडधडाट.

सर्वांत जास्त भांडणे मॉनिटरवरून होतात. गायक म्हणतो माझा वाढवा, तबलजी म्हणतो माझा वाढवा, पेटीवालाही तेच, आणि पाचव्या मिनिटाला स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरून शिट्टी. इथे आम्हा कलाकारांनीच सवय बदलायला हवी: आपला वाढवायला सांगण्याआधी दुसऱ्याचा कमी करायला सांगावे. चालू माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधीची जागा सुमारे ३ डेसिबलने घटते. निवेदकाचा माईक तासभर उघडा ठेवणे म्हणजे ही जागा फुकट घालवणे. मुख्य स्पीकर कलाकारांच्या चार-सहा फूट पुढे हवेत. पण सजावटवाल्याला फुलांची कमान मोकळी दिसायला हवी असते आणि तो ते मागे ढकलतो. मग शिट्टीचा दोष गायकाच्या माईकवर येतो.

मॉनिटरच्या जागेलाही हिशेब आहे. शुअर एसएम ५८ सारख्या कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या) माईकची बहिरी बाजू, म्हणजे जिथला आवाज तो घेत नाही ती, बरोबर पाठीमागे असते, म्हणून त्याला मॉनिटर सरळ समोर. त्याहून अरुंद टापूतला आवाज घेणाऱ्या सुपरकार्डिऑइडची बहिरी बाजू तिरकी, साधारण १२५ अंशांवर, म्हणून त्याला मॉनिटर बाजूला सरकवून. हे मॉनिटर उभ्या माणसाच्या कानाकडे तोंड करून बनवलेले असतात. मांडी घालून बसलेल्याच्या पुढ्यात ठेवले तर आवाज डोक्यावरून जातो आणि तो बिचारा ‘अजून वाढवा’ म्हणत राहतो. मागच्या बाजूला वीट किंवा पाट सारून त्याचे तोंड खाली करावे. आणखी एक: मॉनिटरचा ऑक्स (मिक्सरवरून मॉनिटरकडे जाणारी वाट) ‘प्री-फेडर’, म्हणजे प्रेक्षकांचा आवाज कमी-जास्त केला तरी न बदलणारा, आहे का, हे विचारा. तो ‘पोस्ट’वर असेल, तर ऑपरेटरने प्रेक्षकांसाठी पेटी जरा वर घेतली की स्टेजवरची पेटीही वाढते. बऱ्याच मिक्सरवर हे एका बटणाचे काम आहे.

इको हा आमच्याकडचा जुना रोग. नेत्यांच्या भाषणाला तो भारदस्त वाटतो, म्हणून कायम चालूच असतो. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची. इकोची परतफेड ३५० मिलिसेकंदांनी आली, तर प्रत्येक स्वर पुढची मात्रा ओलांडून भलत्याच जागी पुन्हा पडतो. तान विस्कटते, तबलजीला आपलाच ठेका दोनदा ऐकू येतो आणि लय डळमळली की बोल त्यालाच. गळ्याला थोडासा रिव्हर्ब (सभागृहासारखी मंद गुंज) चालेल. तबल्याला काहीही नको.

मोबाइलवरचा तानपुरा हल्ली सर्रास लावतात. फोन चालू, कॉर्ड नवी, तरी मिक्सरमधून आवाज नाही किंवा अगदी किरटा, असे झाले तर कॉर्ड बघा. फोनची स्टिरिओ पिन एकाच बॅलन्स्ड चॅनेलमध्ये घातली की तो चॅनेल डाव्या-उजव्या आवाजांची वजाबाकी करतो. तानपुऱ्याचा आवाज दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे उरते शून्य. दोन मोनो पिनांत फुटणारी कॉर्ड आणून एकच पिन लावावी, किंवा डीआय बॉक्स (फोन किंवा वाद्य मिक्सरला नीट जोडणारी डबी) वापरावा. फोन एअरप्लेन मोडवर ठेवायला विसरू नये. ऐन समेवर कोणाचा तरी कॉल येतो.

विजेबद्दल थोडक्यात, पण इथे जिवाशी गाठ आहे. घुंऽऽ असा हम येतो म्हणून थ्री पिनचा अर्थिंगचा दांडा काढून टाकणारे अजूनही आहेत. तसा दांडा काढलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला, तर माईकच्या जाळीत वीज उतरू शकते. ओठाला मुंग्या आल्या तर गाणे तिथेच थांबवावे, कोणाच्या सत्काराची पर्वा न करता. हम घालवायला डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचे बटण असते. ते सिग्नलचे अर्थिंग तोडते, विजेचे नाही. रोषणाईचे डिमर आणि साउंड यांच्या लाइन वेगळ्या हव्यात, साउंडची सगळी यंत्रे एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डवर हवीत, आणि डिजिटल मिक्सरला छोटा यूपीएस हवाच. जनरेटरवर जाताना दोन सेकंद वीज गेली तरी तो पुन्हा सुरू होईपर्यंत श्रोते चहाच्या टपरीवर पोहोचलेले असतात.

ज्याला पैसे लागत नाहीत अशीही एक मागणी आहे. कार्यक्रमाआधी स्पीकरवर सनईची नाहीतर चित्रपटगीतांची ध्वनिफीत जोरात लावलेली असते. पहाटेच्या दमट गारव्यात तबल्याची पुडी उतरते, तारा सरकतात. सुरात लावायला पंधरा मिनिटे शांतता लागते. दुसऱ्या पट्टीतली सनई कानाशी वाजत असताना तानपुरा कसा लावायचा?

चूक एकतर्फी नाही, हेही मान्य. माईकची जाळी मुठीत धरून गायले की त्याची बहिरी बाजू बंद पडते आणि शिट्टी आपणच ओढवतो. स्टेजवरून बोटे वर-खाली करून केलेल्या खुणांतून नेमके कोणाचे काय वाढवायचे ते मिक्सरवर कळत नाही. एखादा शिष्य ऑपरेटरच्या शेजारी बसवावा, त्याने मधूनमधून मागच्या रांगेत जाऊन ऐकावे आणि सौम्य शब्दांत सांगावे. आणि तारीख घेतानाच एका कागदावर बैठकीची आकृती, माईकची संख्या, मॉनिटर किती आणि कोणाच्या मॉनिटरमध्ये काय हवे, हे लिहून द्यावे. आयोजकांनी तो कागद मंडपवाल्याच्या कोटेशनला टाचावा, साउंडचा भाव वेगळा मागावा आणि ऑपरेटरचा फोन नंबर आठवडाभर आधी कलाकारांना द्यावा. पत्रिकेवर ‘सकाळी ६ वा.’ छापाल, तेव्हा आम्हाला आदल्या संध्याकाळी ७ ला बोलवा. साउंडवाल्याला मात्र ५ ला, कारण तो ७ ला येतो.

आपले,
शास्त्रीय व सुगम संगीताचे काही साथीदार, पुणे