नुसत्या सरासरीने साथ कळत नाही

मा. संपादक,

साथ आली की पेपरात रोज एकच आकडा येतो, एक पेशंट सरासरी किती जणांना लागण करतो, आणि लोक तोच धरून बसतात. पण २००३ मधे सिंगापूरला सार्स हा श्वसनाचा साथीचा आजार आला तेव्हा बहुतेक पेशंटकडून पुढे कोणालाच लागण झाली नाही, आणि पाच जणांकडून मात्र प्रत्येकी दहा किंवा त्याहून जास्त लोकांना झाली, मग सरासरी काढून काय कळणार?

लोकांच्या ओळखींचं जाळं, म्हणजे नेटवर्क, अभ्यासणारे इथे सोपं चित्र काढतात, माणूस म्हणजे ठिपका, भेटगाठ म्हणजे रेघ. बऱ्याच ठिपक्यांना चार-पाच रेघा, काहींना शेकडो. या शेकडोवाल्यांना आधी लस दिली तर साखळी लवकर तुटते, नुसती सरसकट वाटली तर खूप जास्त डोस लागतात. आता ही माणसं शोधायची कशी, सगळ्यांच्या ओळखींचा नकाशा तर कोणाकडेच नसतो! याचं उत्तर मला फार आवडतं. कोणालाही गाठा, त्याच्या ओळखीचं एक नाव विचारा आणि लस त्या ओळखीच्याला द्या. ज्याच्या ओळखी जास्त त्याचं नाव जास्त जणांच्या तोंडी येणार, बास एवढंच. २००९ च्या फ्लूमधे हार्वर्डच्या विद्यार्थ्यांवर हे तपासलं होतं, लस नाही, फक्त लागण कधी होते ते, तर ज्यांची नावं मित्र म्हणून सांगितली गेली त्यांच्यात साथ साधारण दोन आठवडे आधी दिसली. म्हणजे थोड्याच लोकांवर लक्ष ठेवून आधी सावध होता येतं.

देवीच्या रोगाच्या वेळी ठिपके-रेघांची अशी भाषा वापरात नव्हती, तरी १९६६ च्या शेवटी नायजेरियात लस कमी पडली तेव्हा अमेरिकन डॉक्टर विल्यम फेगी यांनी पेशंटच्या भोवतालच्यांनाच लस टोचून साथ आवरली.

एक विनंती आहे. कोणाकडून जास्त जणांना लागण झाली की मथळ्यात त्याला गुन्हेगार करू नका. तो बऱ्याचदा नर्स असतो, कंडक्टर असतो, कामच माणसांत. आज त्याची बदनामी झाली की उद्या दुसरा कोणाकोणाला भेटला ते सांगणारच नाही, आणि जिथली रेघ सगळ्यात आधी दिसायला हवी तिथेच नकाशा कोरा राहील.

आपला,
एक नियमित वाचक