बेबीच्या नावाने

मिरज,
८ जून

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. दोनदा वाचलं, मग हिला वाचून दाखवलं. तुझ्या धाकट्या बहिणीच्या, आपल्या बेबीच्या वर्षश्राद्धाला मला येता आलं नाही, ते मनाला लागून राहिलंय. तिच्या नावाने पाच लाख रुपये तू बाजूला काढलेस आणि ते आमच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेला द्यायचे म्हणतोस, हे वाचताना डोळे भरून आले. पुढे तू लिहिलंयस, की त्यातून एक हॉल बांधावा आणि दारावर तिच्या नावाची संगमरवरी पाटी लावावी. त्यासाठीच हे लांबलचक पत्र लिहायला बसलोय. बंड्या, हॉल बांधू नकोस रे.

माईंनी शिवलेली ती पिशवी आठवते तुला? खणाच्या उरलेल्या तुकड्याची, बेबीच्या फ्रॉकवर छातीशी बांधलेली. आत तिचं ते ऐकण्याचं जड मशीन आणि त्यातून कानाकडे गेलेली वायर. पावसाळ्यात दमट हवा लागली की मशीन मुकं व्हायचं. मग माई ते फडक्यात गुंडाळून रात्रभर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायच्या. सकाळी चाललं तर घरात सणासारखं वाटायचं.

एक गोष्ट मी तुला आजवर सांगितली नव्हती. आपण सातवीत होतो, बेबी तिसरीत. मधल्या सुट्टीत मी तिला मागून हाका मारत होतो आणि ती वळेचना. समोर जाऊन विचारलं, “मशीन चालू आहे ना?” तिने मान डोलावली. मी पिशवीत हात घातला, तर सेलचा कप्पा रिकामा. दादांचा पगार व्हायला अजून दहा-बारा दिवस होते. घरी सेल मागायची तिला भीती वाटत होती आणि मशीन न घालता शाळेत आलं तर गुरुजी ओरडतील ही दुसरी भीती. म्हणून ती रिकामं मशीन गळ्यात घालून रोज येत होती आणि गुरुजी काहीही बोलले तरी मान डोलावत होती. प्रगतिपुस्तकात शेरा आला, ‘लक्ष देत नाही’. हाताने खुणा केल्या की हातावर पट्टी बसायची, ती वेगळीच. मला शपथ घातली होती तिने, कुणाला सांगू नकोस म्हणून. मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं आज पन्नास वर्षांनीही वाटतं.

मी या कामात आलो तो त्या रिकाम्या कप्प्यामुळे. वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था १९८३ मध्ये सुरू झाली, तिथे मी प्रशिक्षणाला गेलो तेव्हा माई म्हणाल्या होत्या, “आमच्या बेबीसाठी शिकतोयस होय?” तोवर बेबीची शाळा सुटून शिवणाचं मशीन सुरू झालं होतं. ती संस्थासुद्धा एका माणसाच्या नावाने आहे. अली यावर जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते, १९७६ मध्ये पदावर असतानाच गेले. त्या नावाखाली देशभरातले किती शिक्षक तयार झाले. तेव्हा नाव लावू नकोस असं माझं म्हणणं नाही. ते कशाला लावायचं, एवढंच बोलायचंय.

आता काळ बराच बदलला. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या सरकारच्या ॲडिप योजनेतून कमी उत्पन्नाच्या घरांना मशीन फुकट मिळतं. २०१३ पासून बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या-शाळांतून जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. शस्त्रक्रिया करून कानात बसवायचं, लाखो रुपयांचं कॉक्लिअर इम्प्लांटही योजनेत बसतं. २०१६ च्या कायद्याने दिव्यांग मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. बेबीच्या वेळी यातलं काही नव्हतं, आणि ज्यांनी हे मिळवून दिलं त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पण मशीन हातात पडल्यावर रोजचा खर्च सुरू होतो, आणि तो बहुतेक वेळा घरावरच पडतो.

एकदा सकाळी साडेदहाला माझ्याबरोबर शिशुवर्गात चल. निवृत्तीनंतरही मी आठवड्यातून दोन दिवस जातो, ते याच वेळेसाठी. बाई प्रत्येक मुलाला समोर बसवतात, तोंडापुढे पुठ्ठा धरतात म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि सहा आवाज काढतात: आ, ऊ, ई, म, श, स. बोलण्यातल्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सगळं त्या सहांत येतं. आवाज आला की मुलाने काठीत एक रिंग टाकायची. गेल्या महिन्यात, सुट्टीच्या वर्गात, चार वर्षांची एक मुलगी आ, ऊ, ई, म या चारही आवाजांना रिंग टाकत होती. ‘श’ झाला, ‘स’ झाला, हातातली रिंग हातातच. बाईंनी मशीन काढून सेल बदलला. नव्या सेलवरची केशरी पट्टी सोलली, हवा आत जायला मिनिटभर तसाच ठेवला, मग बसवला. पुन्हा ‘श’. रिंग पडली. मुलगी बाईंकडे बघून हसली आणि न सांगता आणखी एक रिंग टाकली.

हे सेल बटणाएवढे असतात. पट्टी सोलली की ते हवेवर चालू होतात, मग मशीन वापरा नाहीतर ठेवून द्या, सेल उतरतच जातो. एक सेल दहा ते पंधरा दिवस. दोन कानांचे धरले तर एका मुलाला वर्षाला साठेक लागतात. ज्या घरात दोन मुलं कर्णबधिर आहेत, आणि आमच्याकडे अशी घरं आहेत, तिथे आई एकाच कानात सेल घालते, दुसरा कान रिकामा ठेवते. किंवा शाळेपुरतं मशीन लावते आणि घरी आल्यावर काढून कपाटात ठेवते. म्हणजे ज्या वेळी आजीच्या गोष्टी आणि भावंडांची भांडणं कानावर पडायची, नेमकी तीच वेळ जाते.

दुसरा खर्च मोल्डचा. कानाच्या मापाचा तो मऊ साचा. मूल वाढतं तसा कान वाढतो आणि लहान मुलांचा मोल्ड काही महिन्यांतच सैल होतो. सैल झाला की मशीन शिटी मारतं. शेजारचे लोक बघतात, आई ओशाळते आणि आवाज कमी करून टाकते. मूल मशीन घालून बसलेलं दिसतं आणि त्याला काही ऐकू येत नसतं. बेबीसारखंच, बंड्या. नवा मोल्ड करायचा तर कानात माप घ्यावं लागतं, ते पाठवावं लागतं, चार-आठ दिवसांनी पुन्हा यावं लागतं. जतच्या बाजूच्या खेड्यातल्या बाईचे दोन दिवसांचे रोज बुडतात, एसटीचं भाडं वेगळं. इम्प्लांटवाल्या मुलांचं तर त्याहून अवघड. बाहेरच्या भागाची वायर तुटली आणि हमीची मुदत संपलेली असली, की शस्त्रक्रिया झालेलं मूल वायरीवाचून बसून राहतं. अशी दोन मुलं मी या डोळ्यांनी पाहिलीत.

आता हॉलचं. हॉल आमच्याकडे आहे. एका सद्गृहस्थांनी आईच्या स्मरणार्थ बांधून दिला, मनापासून दिला, आणि स्नेहसंमेलनाला त्याचा उपयोग होतो. पंखे आहेत, पात्यांवर नावं आहेत. पाण्याची टाकी आहे. पण ‘यांच्या स्मरणार्थ सेल’ असं म्हणत कुणी आलं नाही, कारण सेल दहा दिवसांत फेकून द्यायचा असतो आणि त्याच्यावर नाव कोरता येत नाही. म्हणून तुला म्हणतो, हे बेबीच्या नावाने कर.

कसं करायचं तेही सांगतो, तू बँकेतला माणूस आहेस, तुला पटेल. वेगळा ट्रस्ट काढू नकोस. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशेब तपासणी, विश्वस्त शोधणं, या वयात ते ओझं नको आणि त्यात पैसाही जातो. शाळा चालवणारी संस्था नोंदणीकृत आहे, तिच्याकडे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारं ८०जी आहे. तू चेकने दे, आणि सोबत एक सहीचं पत्र दे: ही रक्कम कायम ठेव म्हणून स्वीकारावी, मुद्दलाला हात लावू नये, व्याज फक्त सेल, मोल्ड, दुरुस्ती आणि त्यासाठीच्या एसटी भाड्यावर खर्च करावं. शेवटचं वाक्य मुद्दाम घाल, नाहीतर पुढची कमिटी त्या व्याजातून कंपाउंडची भिंत बांधेल. साडेसहा टक्के धरले तर वर्षाला साडेबत्तीस हजार होतात. हिशेब दर जूनमध्ये तुला यायला हवा, असंही लिही. नव्या करप्रणालीत असशील तर ८०जीची सवलत मिळणार नाही, तेवढं मुलाला विचारून घे.

मुंबईला शिवडीत जय वकील शाळा आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत आम्हाला तिथे नेलं होतं. वकील पती-पत्नींना दिना नावाची मुलगी होती, डाउन सिंड्रोम असलेली. तिला घेईल अशी शाळा नव्हती, म्हणून १९४४ मध्ये त्यांनी ती स्वतःच्या घरात सुरू केली. जयबाईंचं नाव शाळेला नंतर लागलं. आज बौद्धिक दिव्यांग मुलांसाठीचा त्यांचा अभ्यासक्रम ‘दिशा अभियान’ म्हणून राज्यातल्या विशेष शाळांपर्यंत पोचलाय. तिथे आधी एक मूल होतं आणि त्या मुलाला काय लागतं हा प्रश्न होता. बाकी सगळं मागून आलं.

आणखी एक मागणं आहे, ते तुला थोडं वेगळं वाटेल. व्याजातले काही पैसे आईबापांना खुणांची भाषा शिकवायला ठेवू या. मी स्वतः कितीतरी वर्षं बोलण्याचाच आग्रह धरला आणि मुलांचे हात खाली करायला लावले. ती माझी चूक होती. सगळ्याच मुलांना मशीनने पुरेसं ऐकू येत नाही. दिल्लीच्या संस्थेने भारतीय सांकेतिक भाषेचा १०,००० शब्दांचा कोश तयार केलाय, तो मोबाइलवर फुकट बघता येतो. पण शेतात राबून आलेल्या आईला कुणीतरी समोर बसून शिकवायला लागतं. महिन्यातून दोन रविवार एक कर्णबधिर शिक्षक येईल, त्याचं मानधन आणि आयांचा चहा-नाश्ता. बेबी आणि माई स्वयंपाकघरात हातांनी किती बोलायच्या, तुला आठवत असेल. दादा आले की दोघींचे हात थांबायचे.

शाळा १५ तारखेला उघडते. तुझा होकार त्याआधी आला तर पहिल्या दिवशीच सगळ्यांचे मोल्ड तपासून घेतो.

पावतीवर नाव कसं लिहायचं तेवढं कळव. कागदोपत्री ती गंगा, तुझ्या आजीचं नाव. पण ‘ग’ घशात उमटतो, ओठांवर त्याचं काही दिसत नाही. ‘गंगा’ म्हटलं की ती नुसती बघत राहायची. ‘ब’ला ओठ मिटून उघडतात. वाड्याच्या दुसऱ्या टोकाहून आवाज न काढता ‘बेबी’ म्हटलं तरी ती धावत यायची. मला वाटतं, बेबीच लिहू या.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नाना