सम्प गार्डचे मागचे दोन बोल्ट

बेटा,

काल तू आईला फोनवर म्हणालीस ना की रॅलीच्या पुढच्या सीझनला गाडीत बसत नाही, मला रस्ताच वाचता येत नाही, ते मी बाजूलाच बसून ऐकत होतो, आईने स्पीकर लावला होता. रात्रभर झोप नाही आली. फोन केला असता तर मधेच विषय बदलून हॉस्टेलच्या जेवणाचं विचारत बसलो असतो, माझा स्वभाव तुला माहीत आहे, म्हणून टाईप करून राहिलो.

कूर्गच्या रॅलीत गाडी तुझ्यामुळे नाही बंद पडली. माझ्यामुळे पडली.

तुझ्या डोक्यात आहे ते असं की दुसऱ्या स्टेजला, म्हणजे वेळ लावून पळवायच्या दुसऱ्या टप्प्यात, कॉफीच्या मळ्यातलं ते डावं वळण, लेफ्ट थ्री, रस्त्याच्या नोट्समधे 'डोन्ट कट', आतून कापू नको, असं होतं, नॅव्हिगेटर दादाने ते वाचलंही, तरी तू आतून घेतली, खालून दणका बसला आणि पुढे जाऊन ऑईलचा लाल दिवा लागला. हे सगळं खरं आहे. पण असे दणके तर तू चेन्नईच्या रॅलीतही खाल्ले, इंजिनखालची ऑईलची टाकी, सम्प, वाचवायला खालून लावलेला गार्ड कशाला असतो मग.

आता माझ्याकडचं ऐक. पहिल्या सर्व्हिसला, गाडी तपासून दुरुस्त करायला, आपल्याला 20 मिनिटं होती. गिअरबॉक्सखाली ओलं दिसलं म्हणून मी गार्ड मागून सोडला, आत पाहिलं, काही नव्हतं, परत लावला. पुढचे दोन बोल्ट पान्याने आवळलेलेच होते. मागचे दोन हाताने फिरवले आणि म्हटलं पाना नंतर मारतो, तेवढ्यात टायर बदलायचे राहिले होते, टाईम कंट्रोलवर, वेळ नोंदवतात तिथे, उशीर झाला की मिनिटाला 10 सेकंद पेनल्टी, हेच डोक्यात. ते नंतर आलंच नाही. त्या 10 सेकंदांसाठी मी तुझी अख्खी रॅली घालवली.

संध्याकाळी गाडी ओढून आणली तर गार्ड मागून लोंबत होता, म्हणजे दगड सरळ सम्पला लागला. बोल्ट तुटले असते तर अर्धा तुकडा आत राहिला असता ना? भोकं साफ होती, आटे चकचकीत. ते सुटून पडले होते. मी गुपचूप गार्ड काढून टेम्पोत ताडपत्रीखाली टाकला. तू खुर्चीत हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होतीस, सांगणारच होतो, तेवढ्यात बाजूच्या टीमचा एकजण आला आणि म्हणाला नवीन पोरं कॉर्नर कापतातच, आणि मी मान हलवली. ती मान हलवलेली मला रोज आठवते बे. तीस वर्षं कामठी रोडवर लोकांच्या गाड्या दुरुस्त करून राहिलो, पोरगा बोल्ट आवळायचा विसरला की त्याला दिवसभर बोलतो, आणि स्वतःच्या पोरीसमोर तोंड उघडलं नाही. कूर्गहून 44 नंबर हायवेने परत येताना बंगलोरपासूनच हजारावर किलोमीटर होते, तू टेम्पोत बाजूलाच होतीस, पांढरकवडा गेलं तरी मी गप्पच.

आणि रस्ता वाचता येत नाही म्हणतेस तर कोइम्बतूर आठव. चेन्नईला तू प्रत्येक वळणाआधी दोनदा ब्रेक मारायचीस, 998 सीसीची गाडी आपली, 67 हॉर्सपॉवर, एकदा स्पीड गेला की परत जमवायला अख्खा सरळ रस्ता लागतो. मोठ्या गाडीत चूक केली तर ॲक्सिलेटर झाकून घेतो, ऑल्टोत काहीच झाकल्या जात नाही. कोइम्बतूरला पवनचक्क्यांच्या मधल्या त्या धुळीच्या रस्त्यावर तू एकदाच ब्रेक मारून नाक आत टाकत होतीस, मी बांधावर उभा होतो, आवाजावरून कळतं, इंजिनचा वेग पडतच नव्हता. मला कोणी सांगायची गरज नाही.

ते इंग्लंडकडची पोरं 14 व्या वर्षी हजार सीसीच्या गाडीत रॅली करतात, फिनलंडचा रोवनपेरा तर आठ वर्षांचा असताना टोयोटा स्टारलेट बर्फावर फिरवत होता, आणि 22 व्या वर्षी रॅलीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, हे तू मला शंभरदा ऐकवलंस. आपल्याकडे दोन स्टेजच्या मधे पब्लिक रोडने जावं लागतं, ट्रक, गाई, सगळं, 18 पूर्ण झाल्याशिवाय लायसन्स नाही. तू 19 ला सुरू केलंस म्हणजे एकच वर्ष उशीर झाला, तोही बारावीचा.

बसायचं की नाही ते तू ठरव. मी आग्रह करत नाही, पैशाचा हिशोब तर करूच नको, तो माझा आणि आईचा आहे. फक्त नाही म्हणायचं असेल तर त्या दगडामुळे म्हणू नको.

गाडी रॅम्पवर आहे, नवीन सम्प बसला, मागचे बोल्ट नवीन 8.8 ग्रेडचे आणलेत पण आवळले नाहीत. दिवाळीला येशील तेव्हा पाना तू मार, मी टॉर्च धरतो.

आईला यातलं अजून काही सांगितलेलं नाही. तू सांगशीलच, तर आधी मला मिस्ड कॉल दे, मी गॅरेजला निघून जातो.

तुझा बाबा