गोव्याच्या उद्योगमंत्र्यांना खुले पत्र : इंजिन इथे घडते, त्याची परीक्षाही इथेच व्हावी

प्रति,
माननीय उद्योगमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

विषय : शर्यतीची इंजिने घडवणाऱ्या आणि इतर लहान यंत्रशाळांसाठी फोंडा परिसरात सामाईक मोजमाप व चाचणी केंद्र उभारण्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार.

आमची यंत्रशाळा फोंडा तालुक्यात आहे. वडील, मी, धाकटा भाऊ आणि गेली बावीस वर्षे आमच्यासोबत असलेले एक टर्नर, एवढीच माणसे तिथे काम करतात. मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यतीत धावणारी इंजिने आम्ही सुटी करतो, त्यांचे सिलिंडर बोअर करतो म्हणजे आतून कापून नेमक्या मापाचे करतो, सिलिंडरवरच्या झाकणाचे म्हणजे हेडचे काम करतो, भाग जुळवून पुन्हा बांधतो आणि देशातल्या निरनिराळ्या ट्रॅकवर पाठवतो. गोव्यात असे काम चालते हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते, म्हणून ते इथे कसे आले हे आधी सांगतो.

आजोबांनी 1964 साली डिचोलीत एक जुने लेथ घेऊन दुकान उघडले. मुक्तीनंतरच्या त्या वर्षांत खाणींचे काम वाढत होते, खनिजाचे ट्रक सारमानसच्या बाजूला धक्क्यावर रिते होत होते आणि तिथून बार्ज मांडवीतून मुरगावकडे जात होत्या. लाल धूळ एअर फिल्टर ओलांडून सिलिंडरमध्ये गेली की लायनर म्हणजे सिलिंडरचे अस्तर आणि पिस्टनच्या रिंगा खाऊन टाकते, त्यामुळे सिलिंडर पुन्हा बोअर करण्याच्या, म्हणजे रिबोअरिंगच्या कामाला खळ नव्हता. ट्रकचे ब्लॉक, बार्जचे लायनर, पंपांचे शाफ्ट हे सगळे करता करता आजोबांचा आणि त्यांच्यामागून बाबांचा हात असा बसला, की सिलिंडरच्या भिंतीवरून बोट फिरवून ते कुठे पायरी पडली आहे ते सांगत आणि मग बोअर गेज लावून तीच जागा सिद्ध करून दाखवत. डिचोली, सांखळी, वाळपई, कुडचडे या भागांत असे हात त्या काळी गावोगाव होते. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, मग काही काळ सुरू झाल्या, आणि 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर 16 मार्चपासून पुन्हा थांबल्या. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेविषयी मला इथे काही म्हणायचे नाही. मला म्हणायचे आहे ते एवढेच, की ट्रकचे आणि बार्जचे नुकसान हिशेबात मांडले गेले, पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या यंत्रशाळांचे कसब कोणत्याच हिशेबात आले नाही. आमच्या ओळखीच्या तीन बोअरिंगवाल्यांनी यंत्रे भंगाराच्या भावाने विकली. आमचे दुकान टिकले ते शर्यतीच्या कामामुळे.

ते काम बाबांकडे एका यामाहा आरएक्स 100 मोटारसायकलमधून आले. पन्नास मिलिमीटर बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, पन्नास मिलिमीटर स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव, एकच सिलिंडर. मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या एका तरुणाने ते इंजिन आणले होते, आणि बाबांनी पोर्टच्या, म्हणजे वायू आत-बाहेर जाण्याच्या वाटांच्या, कडा कानशीने साफ करत, सिलिंडरची उंची मोजत, हेड पुनःपुन्हा उतरवत त्यावर तीन आठवडे घालवले. पुढे मारुती एस्टीम मोटारीची 1,298 सीसीची इंजिने येऊ लागली आणि आजही आमच्या टेबलावर मुख्यत्वे तीच असतात.

महोदय, शर्यतीचे इंजिन म्हणजे जास्त आवाज करणारे इंजिन अशी समजूत सर्वत्र आहे, म्हणून थोडे आकड्यांत सांगण्याची परवानगी द्यावी. या एस्टीमच्या इंजिनाचा स्ट्रोक 75.5 मिलिमीटर आहे. ते मिनिटाला 8,000 फेऱ्यांवर फिरते तेव्हा प्रत्येक पिस्टन मिनिटाला 16,000 वेळा थांबतो आणि उलट फिरतो, आणि वरच्या टोकाला त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या 3,000 पटींहून अधिक त्वरण येते. पिनेसकट पाव किलोचा पिस्टन त्या क्षणी कनेक्टिंग रॉडला, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याला, पाऊण टनाहून अधिक जोराने ओढत असतो. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनची ये-जा फिरण्यात बदलणाऱ्या शाफ्टच्या, मध्यापासून 40 मिलिमीटरवर दहा ग्रॅम वजन चुकून जास्त राहिले, तर त्याच वेगाला ते सुमारे 29 किलोच्या ओढीने बेअरिंगला झोडपते. रस्त्यावरच्या गाडीत जी चूक दहा वर्षे खपून जाते, ती इथे दहाव्या फेरीत इंजिन फोडते. आमचे सगळे काम ही चूक आधीच शोधून काढण्याचे आहे, आणि म्हणून आमच्या धंद्यात कापण्यापेक्षा मोजण्याला अधिक वेळ जातो.

एका सिलिंडरचे उदाहरण देतो. ब्लॉकवर हेड बसवून बोल्ट आवळले की सिलिंडरचा गोलपणा काही मायक्रॉनांनी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बिघडतो, म्हणून होनिंग करताना, म्हणजे सिलिंडरची भिंत दगडांनी घासताना, आम्ही हेडच्या जागी जाड पोलादी प्लेट त्याच टॉर्कने, म्हणजे पिळण्याच्या जोराने, आवळतो आणि त्या ताणलेल्या अवस्थेतच भोक गोल करतो. होनिंगच्या दगडांनी भिंतीवर तिरप्या रेषांची जाळी उमटते, त्या रेषांत तेल धरून राहते. मग पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट. ती 40 मायक्रॉन ठेवायची असे समजा. मोजमापाचे जगभर मान्य तापमान 20 अंश सेल्सियस आहे, आणि आमच्या यंत्रशाळेत मे महिन्यात दुपारी 33 अंश असतात. अॅल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट वेगाने प्रसरण पावते, त्यामुळे तेरा अंशांच्या या फरकात ती फट सुमारे अकरा मायक्रॉनांनी कमी होते, म्हणजे पाव हिस्सा केवळ हवेने खाल्ला. यावर आमचा उपाय असा, की ब्लॉक, पिस्टन आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवायचे आणि पहाटे साडेपाचला मोजायचे. बाबा वयाच्या बहात्तराव्या वर्षीही त्यासाठी पहाटे उठतात. पावसाळ्यात आणखी एक काळजी असते. होन केलेली ताजी भिंत दोन तास उघडी राहिली तर तिच्यावर तांबूस झाक येते, म्हणून साबणाच्या पाण्याने धुतल्याबरोबर तिला तेल चोळावे लागते. अखेरच्या फेऱ्यात वीज क्षणभर दबली तर बोअरमध्ये गोल खूण उमटते आणि पूर्ण ब्लॉक पुढच्या मोठ्या मापाला न्यावा लागतो. हे सगळे आम्ही सांभाळतो आणि त्याबद्दल तक्रार करण्यासाठी हे पत्र नाही.

जे आम्हाला सांभाळता येत नाही ते पुढे आहे.

क्रँक गतिमान अवस्थेत तोलण्याचे यंत्र, क्रँक आणि रॉड यांतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा चुंबकीय पद्धतीने दाखवणारे यंत्र, हेडमधून हवा किती वाहते ते मोजणारा फ्लो बेंच, आणि बांधलेले इंजिन गाडीत घालण्यापूर्वी भाराखाली चालवून पाहण्याचा डायनो, यांतले काहीही आमच्याकडे नाही. चार माणसांच्या कुटुंबाला ते घेणे शक्य नाही, आणि घेतले तरी वर्षातले बहुतेक दिवस ते रिकामे राहील. म्हणून प्रत्येक क्रँक आम्ही तेलकट कागदात गुंडाळून, लाकडी पेटीत बसवून, चोर्ला घाटातून बेळगावच्या बाजूला किंवा त्याहून लांब पाठवतो.

काही वर्षांपूर्वी असाच एक क्रँक ग्राइंडिंगसाठी घाटापलीकडे गेला होता. परत आला तेव्हा जर्नलचा, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाचा, व्यास अचूक होता, आम्ही तो चार ठिकाणी मोजला. पण जर्नल जिथे क्रँकच्या भिंतीला मिळते तिथली गोलाई अर्धीच ठेवली गेली होती. त्या कोपऱ्याला धंद्यात फिलेट म्हणतात, आणि फिरणाऱ्या शाफ्टचा सगळा ताण नेमका तिथे साठतो. गोलाई कमी म्हणजे ताण जास्त. ती मोजण्याचे योग्य साधन आमच्याकडे नव्हते, ग्राइंडिंगमुळे बारीक तडा गेला आहे का हे पाहण्याचेही नव्हते, आणि शर्यतीची तारीख जवळ आली होती, म्हणून डोळ्यांनी पाहून मी तो बसवला. निर्णय माझा होता. पहिल्याच शर्यतीत क्रँक त्या कोपऱ्यातून तुटला, रॉडने ब्लॉकची भिंत फोडली, तेल मागच्या चाकांवर गेले आणि गाडी वळणावर फिरली. चालक सुखरूप बाहेर आला, देवाची कृपा. त्या मुलाने दोन वर्षे पैसे साठवून तो हंगाम उभा केला होता. आम्ही त्याला इंजिन पुन्हा विनामूल्य बांधून दिले, पण गेलेला हंगाम देता आला नाही. तुटलेल्या क्रँकचा तुकडा आजही बाबांच्या टेबलावर आहे, आणि दसऱ्याला यंत्रांची पूजा करताना ते त्यालाही गंध लावतात.

म्हणून माझी मागणी एकच आहे. फोंडा परिसरात सरकारने एक सामाईक मोजमाप व चाचणी केंद्र उभारावे, ज्यात वर सांगितलेली चार यंत्रे आणि 20 अंशांना स्थिर ठेवलेली एक मोजमापाची खोली असेल, आणि तासाप्रमाणे शुल्क भरून कोणत्याही लहान यंत्रशाळेला तिथे काम करता येईल. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या समूहांसाठी अशा सामाईक सुविधांना मदत करणारी केंद्र सरकारची योजना अस्तित्वात आहे, आणि राज्याने पुढाकार घेतल्याखेरीज तिचा उपयोग आमच्यासारख्यांना होत नाही. जागाही सुचवतो. फर्मागुडीला 1967 साली स्थापन झालेले गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्याच्या आवारात हे केंद्र असेल तर विद्यार्थ्यांना पुस्तकातला कंपनांचा धडा फिरत्या क्रँकवर पाहता येईल, आणि आमच्या टर्नरांना आकडेमोड करणारी तरुण माणसे शेजारी मिळतील. शर्यतीच्या लहान गाड्या स्वतः बांधून कोईमतूरला फॉर्म्युला भारत स्पर्धेत उतरणारे विद्यार्थी देशभर आहेत, आणि इंजिन जुळवण्यासाठी डायनो हवा म्हणून त्यांनाही दारोदार फिरावे लागते.

चार-पाच दुकानांसाठी एवढे कशाला, असे आपले अधिकारी विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. तोलण्याच्या यंत्राला तो शाफ्ट शर्यतीच्या गाडीचा आहे की मासेमारीच्या ट्रॉलरचा, याने फरक पडत नाही. मालिम आणि कुटबणच्या जेटीवरच्या बोटींचे शाफ्ट, वेर्णा आणि कुंडईच्या औषध कारखान्यांतल्या पंपांचे इंपेलर, जनित्रांचे रोटर हे सगळे त्याच यंत्रावर तोलले जाऊ शकतात. विजेच्या गाड्या वाढत आहेत, पेट्रोल इंजिनांचे दिवस किती उरले, असेही मला एका कार्यालयात ऐकवण्यात आले. विजेच्या अनेक गाड्यांतल्या मोटरचा रोटर आमच्या क्रँकपेक्षा जास्त वेगाने फिरतो. तो तोलण्याचे आणि त्याच्या बेअरिंगची जागा मायक्रॉनात राखण्याचे काम ज्या हातांना येईल, ते हात आज आमच्यासारख्या दुकानांत आहेत.

कोईमतूरचे उदाहरण आपल्यासमोर ठेवतो. ते गिरण्यांचे आणि पंपांचे शहर, म्हणजे टर्नर-फिटरांचे शहर. तिथल्या एस. करिवर्धन यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस मारुती 800 च्या 796 सीसी इंजिनावर फॉर्म्युला मारुती ही शर्यतीची गाडी आपल्याच कार्यशाळेत घडवली आणि सामान्य घरातल्या मुलांनाही परवडेल असा एक वर्ग उभा राहिला. 1995 मध्ये ते अपघातात गेले, पण शहराने ते काम सोडले नाही, आणि आज तिथला करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाने ओळखला जातो. इंग्लंडातले नॉर्थॅम्प्टन तर पादत्राणांचे गाव. 1958 साली माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ या दोघांनी सुरू केलेली कॉसवर्थ ही लहानशी संस्था तिथे स्थिरावली, आणि तिच्या डीएफव्ही इंजिनाने 1967 मध्ये नेदरलँड्समधल्या झँडफोर्टला पहिल्याच शर्यतीत विजय मिळवून पुढे फॉर्म्युला वनच्या दीडशेहून अधिक शर्यती जिंकल्या. गोव्याने तिथवर पोचावे असा माझा हट्ट नाही. परंतु खाणींनी या मातीत यंत्रकामाचे जे कसब तयार केले, त्याला पुढची जागा मिळावी, असे मला मनापासून वाटते.

एक गोष्ट स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. रस्त्यावरच्या गाडीत बेकायदा फेरफार करून देण्याचे काम आम्ही घेत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आम्हाला माहीत आहे, आणि त्याहूनही आधी, पर्वरी-म्हापसा रस्त्यावर रात्री सायलेन्सर काढून धावणाऱ्या मुलांच्या घरी पुढे काय वाढून ठेवलेले असते ते आमच्या गावांनी पाहिले आहे. अशी मुले आमच्याकडे येतात. बाबा त्यांना चहा देतात, होनिंगच्या रेषा भिंगातून दाखवतात आणि हेड उचकटून न देता परत पाठवतात. त्यांतला एक मुलगा पुन्हा आला आणि आता आमच्याकडे संध्याकाळी व्हॉल्व्हच्या सीटा, म्हणजे झडपा ज्यांवर टेकतात त्या जागा, कापायला शिकतो आहे. 30, 45 आणि 60 अंशांच्या तीन कडा तो आता माझ्यापेक्षा स्वच्छ उतरवतो. चाचणी केंद्र झाले तर त्याने कापलेल्या सीटमधून हवा किती वाहते, हा आकडा त्याला त्याच दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. आज त्यासाठी हेड राज्याबाहेर पाठवून तीन आठवडे थांबावे लागते.

आपण एकदा आमच्याकडे यावे, अशी विनंती आहे. शक्य असेल तर पहाटे यावे, बाबा मोजत असतील तेव्हा. या महिन्याअखेरीस दोन क्रँक पुन्हा पेटीत बसवून चोर्ला घाटाने पाठवायचे आहेत, ते निघण्यापूर्वी आलात तर ते हातात घेऊन पाहता येतील, आणि टेबलावरचा तो तुटका तुकडाही.

कळावे.

आपला नम्र,
फोंडा तालुक्यातील एक यंत्रकार