मोबाइलची रुंदीही छापत जा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत नव्या मोबाइल फोनची ओळख करून देणारे सदर असते, ते मी नेमाने वाचते. पडदा किती इंचांचा, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, रॅम किती, हे सारे त्यात असते. फोन किती मिलिमीटर रुंद आहे, त्याचे वजन किती भरते आणि आधीच्या मॉडेलमध्ये असलेली कोणती सोय या वेळी काढून टाकली आहे, हे मात्र त्यात कधीच नसते. या तीन गोष्टीही छापाव्यात एवढीच विनंती करायची आहे. परंतु ती एका हौशी वाचकाची तक्रार म्हणून बाजूला पडू नये, यासाठी तिच्यामागचे कारण जरा सविस्तर लिहिते.

गेली सत्तावीस वर्षे मी गोरेगावहून चर्चगेटला लोकलने जाते-येते. मुंबईत माणसाचा एक हात कायम गुंतलेला असतो. गाडीत तो वरच्या कडीला असतो, रस्त्यावर छत्रीला, बाजारात पिशवीला आणि कधी काळी मुलाच्या बोटाला असतो. फोनच्या वाट्याला येतो तो उरलेला एकच हात, आणि त्यातही काम करतो तो फक्त अंगठा. माझा आधीचा फोन ६७ मिलिमीटर रुंद होता. आताचा ७७ मिलिमीटर आहे. सेंटिमीटरभराच्या या फरकाने असे झाले आहे, की पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातील बाणापर्यंत अंगठा पोहोचवायचा, तर तळहातावर फोन थोडा सरकवावा लागतो, म्हणजे नेमकी त्याच क्षणी पकड सैल करावी लागते. गेल्या उन्हाळ्यात अंधेरीला गाडी थांबताना बसलेल्या धक्क्याने याच क्षणी तो निसटला आणि उतरणाऱ्या बायकांच्या पायांखाली गेला. पडदा बदलायला फोनच्या किमतीच्या जवळजवळ एक तृतीयांश रक्कम पडली.

त्यानंतर लहान फोन मिळतो का हे पाहण्यासाठी मी दादरपासून लॅमिंग्टन रोडपर्यंतची दुकाने पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी थोड्याफार फरकाने एकच उत्तर मिळाले. एका दुकानातील तरुण मोठ्या समजुतीने म्हणाला, “ताई, छोटा पीस आता येतच नाही. हा घ्या, याला मागून रिंग लावून देतो.” ज्या वस्तूला धरता यावे म्हणून मागे वेगळी कडी चिकटवावी लागते, ती वस्तू हातासाठी बनवलेली नाही हे विकणाऱ्यालाही ठाऊक आहे, असा याचा अर्थ मी घेतला. कंपन्यांनाही ते ठाऊक आहे. बहुतेक फोनमध्ये आता ‘एका हाताने वापरण्याची’ सोय असते. ती सुरू केली की सगळा पडदा आकसून खालच्या भागात येतो किंवा एका कोपऱ्यात जातो. म्हणजे मोठ्या पडद्याचे पैसे मोजायचे आणि मग तो लहान करून वापरायचा.

इंचांच्या मापात हे काहीच दिसत नाही. इंच मोजतात ते पडद्याच्या कर्णावर, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. दूरचित्रवाणी संचाला हे माप शोभते, कारण संच कोणी मुठीत धरत नाही. हाताला कर्ण कळत नाही, रुंदी कळते. २०१७ सालच्या आयफोन ८ प्लसचा पडदा ५.५ इंचांचा होता आणि तो फोन ७८.१ मिलिमीटर रुंद होता. २०२३ सालच्या सॅमसंग गॅलेक्सी एस २३ चा पडदा ६.१ इंचांचा आहे आणि रुंदी ७०.९ मिलिमीटर. कडा बारीक झाल्या आणि पडदे उंच, निमुळते झाले, त्यामुळे जास्त इंचांचा फोन कमी रुंद निघाला. आपले सदर वाचून फोन निवडणारी व्यक्ती ६.१ हा आकडा पाहून ‘हा मोठा’ असे समजून तो सोडून देईल, आणि ते चुकीचे ठरेल. मात्र कडा बारीक झाल्याचा फायदा आम्हाला फार काळ लाभला नाही, हेही खरे. जी जागा वाचली ती पुन्हा पडद्यानेच खाल्ली. २००३ चा नोकिया ११०० हा ४६ मिलिमीटर रुंद होता. धूळ शिरू नये असा कीपॅड, हातातून निसटू नये अशा कडा आणि वर टॉर्च, अशा त्या फोनची रचना भारतासारख्या देशांतील वापर डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती, आणि जगभरात तो पंचवीस कोटींहून अधिक विकला गेला. मला बटनांचा फोन परत नको आहे. गाडीचे तिकीट, बँक, घरच्यांचा ग्रुप, सारे स्मार्टफोनवर आहे. परंतु तो फोन कोणत्या हातात जाणार आहे याचा विचार तेव्हा कोणीतरी केला होता, एवढे त्यावरून दिसते.

यावर ठरलेले उत्तर असे, की लहान फोन लोक घेतच नाहीत. अॅपलने २०२० मध्ये ५.४ इंची, ६४.२ मिलिमीटर रुंदीचा ‘मिनी’ काढला, २०२१ मध्ये दुसरा काढला, आणि अपेक्षेइतकी विक्री झाली नाही म्हणून तिसरा काढला नाही, हा दाखला नेहमी दिला जातो. असूसच्या झेनफोन मालिकेत २०२३ पर्यंत ५.९ इंची फोन येत होता. २०२४ मध्ये त्याच्या जागी ६.७८ इंचांचा आला. दाखले खरे आहेत. फक्त आपल्याकडे त्या पहिल्या मिनीची किंमत ६९,९०० रुपयांपासून सुरू होत होती, हे त्यासोबत सांगितले जात नाही. सत्तर हजारांच्या दुकानात गिऱ्हाईक आले नाही, यावरून पंधरा हजारांच्या गिऱ्हाइकाला काय हवे आहे हे कसे ठरले? पंधरा-वीस हजारांत नीट चालणारा लहान फोन गेल्या काही वर्षांत माझ्या पाहण्यात आलेला नाही. मग तो लोकांनी नाकारला असे म्हणता येत नाही. मोठा पडदा हवा असणाऱ्यांविषयी माझे काही म्हणणे नाही. टाळेबंदीत कितीतरी घरांतील मुले एकाच फोनवर शाळा शिकली, तिथे मोठा पडदा ही चैन नव्हती. माझे म्हणणे एवढेच, की दुकानात दोन्ही असावेत.

आकाराचा प्रश्न निदान डोळ्यांना दिसतो. काढून टाकलेल्या सोयींचा दिसतही नाही, कारण जे नाही त्याची जाहिरात कोणी करत नाही. ३.५ मिलिमीटरच्या हेडफोन जॅकचेच घ्या. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तार खोचण्यासाठी जी खाच वापरात आली, तिचेच हे धाकटे भावंड; शंभराहून अधिक वर्षे टिकलेली, कोणाच्याही मालकीची नसलेली आणि कोणत्याही कंपनीचा इअरफोन चालवून घेणारी ही रचना. सप्टेंबर २०१६ मध्ये आयफोन ७ मधून ती काढताना कंपनीच्या अधिकाऱ्यांनी व्यासपीठावरून याला ‘धैर्य’ म्हटले होते. ज्या कंपन्यांनी तेव्हा त्याची टिंगल केली, त्यांच्याही महागड्या फोनमधून दोन-तीन वर्षांत जॅक गेला. स्वस्त फोनमध्ये तो अजून बऱ्याच ठिकाणी सापडतो, म्हणजे जागा नाही हे कारण पूर्ण खरे नाही. दीडशे रुपयांचा वायरचा इअरफोन गर्दीत कानातून निघाला तर गळ्यात लोंबत राहतो. बिनवायरीचा निघाला तर फलाट आणि गाडी यांच्यामधल्या फटीत जातो. माझ्या मुलाचा एक सांताक्रूझला असाच गेला आहे. जोडीतला उरलेला एक ड्रॉवरमध्ये पडून आहे.

जॅकबरोबर आणखी एक गोष्ट गेली, आणि मुंबईकरांनी तरी ती विसरू नये. फोनमधल्या एफएम रेडिओला इअरफोनची वायर हाच अँटेना असतो. वायर गेली की रेडिओही मुका होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री आम्ही अकरा जणी फोर्टमधल्या कार्यालयात अडकलो होतो. कोणाचाही फोन लागत नव्हता. आमच्या शिपायाच्या खोलीत एक जुना ट्रान्झिस्टर होता, त्याच्याभोवती आम्ही रात्रभर बसलो आणि कोणता रस्ता बंद आहे, गाड्या कुठपर्यंत चालल्या आहेत, हे त्यावरूनच कळत गेले. पुढे माझ्या फोनमध्येच एफएम आले तेव्हा मला खरोखर हायसे वाटले होते, कारण तो ट्रान्झिस्टर आता पर्समध्ये आला होता; इंटरनेट नसले, टॉवर बंद पडला तरी चालणारा. आजच्या फोनमध्ये रेडिओचे ॲप आहे आणि ते इंटरनेटवर चालते, म्हणजे ज्या रात्री त्याची गरज लागेल नेमके त्याच रात्री ते बंद असेल. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने उत्पादकांना सूचना केली, की फोनमधील एफएमची सोय बंद करू नये आणि ज्यात ती नाही त्यात ती द्यावी. आपत्तीच्या वेळी उपयोग हे त्यामागचे एक कारण होते. ती केवळ सूचना होती, आणि दुकानात फिरताना तिचा परिणाम मला दिसला नाही.

मेमरी कार्डाबद्दल थोडेच लिहिते. माझ्या आईने शेवटच्या आजारपणात जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, त्या मी फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. तो फोन पुढे एका पावसाळ्यात मेला. नखाएवढे कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले आणि ओव्या वाजल्या. सॅमसंगने २०२१ च्या गॅलेक्सी एस २१ पासून त्या मालिकेत कार्डाची खाच ठेवलेली नाही. आता जास्त जागा हवी तर पुढचे, काही हजारांनी महाग मॉडेल घ्या, किंवा दरमहा भाडे भरून दुसऱ्याच्या संगणकावर ठेवा. चार्जरही याच वाटेने गेला. ऑक्टोबर २०२० पासून आयफोनच्या खोक्यातून तो पर्यावरणाचे नाव सांगून काढण्यात आला, इतरांनी मागोमाग काढला, किंमत मात्र त्या प्रमाणात उतरलेली दिसली नाही. ब्राझीलने २०२२ मध्ये याबद्दल अॅपलला दंडही केला.

सर्वांत जास्त खटकते ती बंदिस्त बॅटरी. पूर्वी फोन पावसात भिजला की पहिले काम म्हणजे मागचे झाकण उघडून बॅटरी बाहेर काढणे. हे मिलन सबवेच्या पाण्यातून गेलेल्या प्रत्येकाला शिकवावे लागत नसे. बॅटरी दमली की स्टेशनबाहेरच्या दुकानातून नवी आणून आपल्या हातांनी बसवत असू. गेल्या वर्षी माझ्या फोनची बॅटरी दुपारी तीनलाच मान टाकू लागली, म्हणून मी एका अधिकृत सेवा केंद्रात गेले. बॅटरी गोंदाने चिकटवलेली असल्यामुळे फोन गरम करून उघडावा लागेल, चार तास लागतील, आणि उघडताना पडदा तडकला तर जबाबदारी आमची नाही, अशा कागदावर आधी माझी सही घेण्यात आली. पाणी शिरू नये म्हणून असे करावे लागते, असे तेथे सांगितले गेले. परंतु २०१४ चा गॅलेक्सी एस ५ पाण्यापासून संरक्षित होता आणि त्याचे मागचे झाकण नखाने उघडून बॅटरी काढता येत होती. दोन्ही एकत्र जमते हे दहा वर्षांपूर्वीच सिद्ध झालेले आहे.

कंपन्या आपण होऊन काही परत देतील अशी आशा नाही. कायद्याने मात्र फरक पडतो. युरोपीय संघाने सक्ती केल्यावर २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना यूएसबी-सी हे एकच चार्जिंगचे तोंड बंधनकारक झाले, आणि त्याच संघाच्या २०२३ च्या बॅटरीविषयक नियमांनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून काही अपवाद वगळता लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, आणि फोन दुरुस्त करणे किती सोपे वा अवघड आहे याचा निर्देशांक कसा असावा, याविषयी नेमलेल्या समितीने २०२५ च्या मे महिन्यात अहवालही दिला. हा निर्देशांक फ्रिजवरच्या ताऱ्यांसारखा खोक्यावर छापला जाईल तेव्हा जाईल. तोवर आपल्या सदराला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

म्हणून विनंती अशी, की फोनच्या प्रत्येक परिचयात इंचांच्या शेजारी रुंदी मिलिमीटरमध्ये द्यावी आणि जॅक, एफएम, कार्डाची खाच, चार्जर व बदलता येणारी बॅटरी यांपैकी काय नाही, ते एका ओळीत स्पष्ट लिहावे. वजन देताना ते कव्हरसह दिले तर अधिक बरे. कव्हराशिवाय फोन वापरणारी बाई मला सत्तावीस वर्षांत लोकलच्या डब्यात भेटलेली नाही.

आपली,
एक नियमित वाचक
गोरेगाव (पूर्व), मुंबई